धमनीचं अस्तर उसवलं होतं, आम्ही मान चोळत बसलो

तेरणाकाठ | ११ मे, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी,

सात महिने मनात साठलंय ते आज लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाला ऑक्टोबरात स्ट्रोक झाला. वय ३६. शुगर नाही, तंबाखू नाही, दारू नाही. औसा तालुक्यात आमची शेती आहे, तो ट्रॅक्टरही चालवतो. आजाराचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं: मेंदूच्या धमनीचं डिसेक्टिंग अ‍ॅन्युरिझम.

दसऱ्याला मी माहेरी होते. सोयाबीनची रास झाली, गडी आला नाही म्हणून त्यानं एकट्यानंच कट्टे उचलून ट्रॉलीत टाकले. रात्री जेवताना म्हणाला, "ताई, मान धरली गं. डाव्या बाजूला, कानाच्या मागं." लचक भरली असेल म्हणून आईनं मीठ गरम करून शेकलं. गल्लीत एक पायाळू पोरगा आहे, त्याचा पाय लावून झाला. दुखणं हलेना. तो म्हणायचा, "असं कधी दुखलं नव्हतं, आतून कुणी तरी ओढायलंय." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं.

पाचव्या दिवशी तो शेजारच्या गावच्या चोळणाऱ्याकडे गेला. त्यानं तेल लावून चोळलं आणि शेवटी हनुवटी धरून मान एकदा इकडं, एकदा तिकडं कडकन फिरवली. घरी आला तेव्हा हलकं वाटायलंय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो भिंत धरूनच. "घर फिरायलंय." पाणी पडेना पोटात, नुसत्या उलट्या. पित्त खवळलं, असं आम्हीच ठरवलं. मग उचकी लागली, ती थांबेचना. आई म्हणाली, "कोण एवढी आठवण काढायलंय माझ्या लेकराची." चहा दिला तर अर्धा घोट नाकातून बाहेर आला. आवाज घोगरा झाला. डाव्या डोळ्याची पापणी खाली आलेली. डावा गाल बधिर. उभा केला की डावीकडं कलायचा.

आणि अंघोळीची गोष्ट. चौरंगावर बसवून भावजय त्याच्या अंगावर पाणी घालत होती. तो म्हणाला, "उजवीकडं गार पाणी कशाला घालायलीस?" बादली एकच, तांब्या एकच. डाव्या खांद्यावर चटका बसत होता आणि उजव्या खांद्यावर गरम असल्याचं कळतच नव्हतं. तिनं दोनदा बादलीत हात घालून पाहिला. पाणी कडकच होतं. आम्हाला वाटलं, तापात बरळतोय.

हात चालत होते, पाय चालत होते, तोंड वाकडं झालं नव्हतं. म्हणून "लकवा" हा शब्द कुणाच्या तोंडीच आला नाही.

तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी कानाची चक्कर म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी डोक्याचा सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. रिपोर्ट हातात घेऊन आम्ही सुटकेचा श्वास सोडला. तिसऱ्या दिवशी पाणी पिताना ठसका लागून तो काळानिळा पडला, तेव्हा थेट लातूर गाठलं. तिथं एमआरआय आणि अँजिओ, म्हणजे धमन्यांची तपासणी, झाली. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या मागच्या दोन धमन्यांपैकी डावी, कवटीत शिरल्यावर लगेच, आतून उसवली होती. उसवलेल्या जागी फुगा धरला होता आणि लंबमज्जेच्या, म्हणजे मेंदूला पाठीच्या कण्याशी जोडणाऱ्या तळच्या भागाच्या, एका कडेला रक्त पोचलं नव्हतं.

दीड महिना नाकातून नळी होती. आता तो चालतो, थोडा कलतो. फुगा मात्र अजून आहे. डॉक्टर म्हणतात, एक तर गोळ्या घेत लक्ष ठेवा, नाही तर आत जाळी बसवू. घरात दोन मतं पडलीत. कुणाला अनुभव असेल, कुणी डॉक्टर असतील, तर कृपा करून लिहा.

मांजराखोरे | ११ मे, रात्री ९:५१

ताई, पाण्याचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या चुलत्यांना नेमकं हेच झालं होतं, गरम-गार कळायचं नाही. आम्ही त्यांना लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात त्या गावी नेलं होतं. पथ्य म्हणून तीन दिवस नुसती भाकरी. गिळता येत नाही अशा माणसाला कोरडी भाकरी! शेवटी न्यूमोनिया झाला. भावाला जपा.

न्यूरोवाला | ११ मे, रात्री ११:१४

ताई, तुम्ही जे बारकाव्यानं लिहिलंय त्याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. त्या नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९५ साली ते लिहून ठेवलं. अंगाची गरम-गार आणि दुखण्याची जाणीव नेणाऱ्या तारा पाठीच्या कण्यातच बाजू बदलतात. चेहऱ्याच्या तारा लंबमज्जेत त्या ठिकाणी अजून बदललेल्या नसतात. म्हणून डाव्या कडेला इजा झाली की गाल डावा बधिर होतो आणि अंग उजवं. हातापायांना ताकद देणाऱ्या तारा मात्र लंबमज्जेच्या पुढच्या बाजूनं जातात, त्या वाचतात. म्हणून "लकवा" दिसत नाही. तुमचा भाऊ बरळत नव्हता. तो मेंदूच्या बिघाडाची जागा बोट ठेवून सांगत होता.

आता आजाराबद्दल. तुमचा "उसवणं" हा शब्द मला फार पटला, तोच वापरतो.

धमनीची भिंत तीन थरांची असते. जुनी गोधडी डोळ्यांसमोर आणा: आत मऊ अस्तर, मध्ये भर, बाहेर जाड कापड. अस्तर एका जागी उसवलं की हात आत सरकतो आणि भर सुटत जाते. धमनीत हात नाही, दाबाखालचं रक्त सरकतं. कधी अस्तर न फाटता भिंतीतल्याच बारीक रक्तवाहिन्या फुटून आत रक्त साचतं. पुढं दोन वाटा असतात. साचलेलं रक्त आतल्या बाजूला दाबलं गेलं तर मूळ वाट अरुंद होते, तिथं गुठळी धरते, ती पुढं जाऊन अडकते आणि मेंदूचा तुकडा उपाशी राहतो. हा स्ट्रोक. साचलेलं रक्त बाहेरच्या बाजूला ढकललं गेलं तर भिंत फुगते. हे डिसेक्टिंग अ‍ॅन्युरिझम. तुमच्या भावाला दोन्ही झालं.

लोकांना "मेंदूतला फुगा" म्हटलं की नेहमीचा फुगा आठवतो. तो धमनीला फाटा फुटतो त्या बेचक्यात, द्राक्षासारखा, देठ असलेला असतो. त्याला क्लिप लावता येते. हा मात्र धमनीच्या सरळ खोडावर असतो आणि त्याला देठ नसतो. खोडच सुजलेलं, क्लिप लावायची कुठं? म्हणून उपचार वेगळे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट जागेची. मानेतल्या धमन्यांना बाहेरचं जाड कापड असतं, भोवती स्नायू असतात. तिथं उसवलं तर फुटून बाहेर रक्त सहसा येत नाही. कवटीच्या आत शिरल्यावर हेच बाहेरचं कापड पातळ होतं, त्याच्या आतली लवचिक पट्टी उरत नाही, आणि भोवती आधाराला फक्त पाणी असतं. म्हणून आतला फुगा फुटू शकतो. फुटला तर मेंदूभोवती रक्त पसरतं, आणि तो फार वेगळा, फार गंभीर प्रसंग असतो. जपान, कोरियाकडच्या रुग्णांत कवटीच्या आतलं उसवणं युरोपपेक्षा जास्त आढळतं.

वयाचंही लिहितो. सगळे स्ट्रोक धरले तर धमनी उसवल्यामुळं होणारे साधारण २ टक्के. पण पन्नाशीच्या आतले स्ट्रोक घेतले तर हाच आकडा १० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे तरणा माणूस, बाकी तब्येत ठणठणीत, आणि स्ट्रोक. अशा वेळी हे कारण शोधायलाच हवं.

जाळीबद्दल उद्या लिहितो. आज राउंड उशिरा संपला.

बालाघाट | १२ मे, सकाळी ६:४०

डॉक्टर साहेबांनी "फुटला तर" असं लिहिलं. आमच्या घरात तो फुटला.

आम्ही धारूर तालुक्यातले. माझा मामेभाऊ आणि वहिनी दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि ट्रक आला की रात्री-बेरात्री मोळी डोक्यावर घेऊन उभ्या फळीवरून वर चढायचं. फळी ओली असते, पाय घसरतो, मान ताठ ठेवावी लागते.

दादा ३४ वर्षांचा होता. दोन दिवस मान दुखते म्हणत होता. फडात मान कुणाची दुखत नाही? तिसऱ्या रात्री ट्रक भरताना खाली बसला. "मागून कुणी कोयता मारल्यावानी झालं" एवढंच बोलला. उलटी झाली, कोपीत आणून निजवलं. थंडी बाधली म्हणून गोळी दिली. सकाळी उठवलं तर नीट शुद्धीवर नव्हता. सीटीत मेंदूभोवती रक्त. मोठ्या गावी हलवलं, अँजिओत हेच निघालं, मागच्या धमनीचं डिसेक्टिंग अ‍ॅन्युरिझम. दुसऱ्या दिवशी उपचार ठरला होता. पहाटे पुन्हा फुटला.

वहिनी यंदाही गेली तोडीला, भावासोबत कोयता करून. लेकरं माझ्याकडं आहेत.

डॉक्टर साहेब, मला एकच विचारायचंय. मोळी डोक्यावर वाहिल्यानं झालं का हे?

न्यूरोवाला | १२ मे, दुपारी २:०५

बालाघाट भाऊ, वाचून खूप वाईट वाटलं.

एका माणसाच्या बाबतीत बोट ठेवून "या मोळीनं झालं" असं सांगता येत नाही. बऱ्याच रुग्णांत ठळक कारण सापडतच नाही. मानेला बसलेला झटका, अपघात, जोराचा खोकला, उलट्या, जड वजन उचलणं, मान जोरात फिरवणं, यांच्यानंतर हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. काहींच्या धमन्यांची वीणच जन्मतः कच्ची असते. एलर्स-डानलॉस, मार्फान, फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेजिया अशी त्या आजारांची नावं. अर्धशिशीवाल्यांत मानेतली धमनी उसवण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळतं. कवटीच्या आतल्या धमन्यांच्या बाबतीत उच्च रक्तदाब वारंवार दिसतो. तिशीतल्या कामकरी माणसाचं बीपी आपल्याकडं कोण मोजतं? तोडीला निघण्याआधी गावात मोजून घेता आलं तर तेवढं नक्की करा. वहिनींचंही.

तुमच्या दादाला दोन दिवस आधी मान दुखली, मग फुटलं. हा क्रम नेहमीचा आहे. मानेचं किंवा डोक्याच्या मागच्या बाजूचं दुखणं ही उसवण्याची सुरुवात असते, स्ट्रोक किंवा रक्तस्राव काही तासांनी, काही दिवसांनी येतो. आणि फुटलेला फुगा पहिल्या काही दिवसांत पुन्हा फुटण्याचा धोका फार मोठा असतो, पहिल्या २४ तासांत सर्वाधिक. म्हणून अशा रुग्णाला थांबून चालत नाही. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन फुगा आणि तो धमनीचा तुकडाच कॉइलनं, म्हणजे बारीक तारेच्या वेटोळ्यांनी, बंद करतात. दुसऱ्या बाजूची धमनी दणकट असेल तर मेंदूला रक्त तिच्याकडून मिळतं. ती बारीक असेल किंवा लंबमज्जेला रक्त देणारी फांदी नेमकी फुग्यातूनच निघत असेल, तर जाळी वापरून वाट उघडी ठेवावी लागते. पुढं रक्तवाहिन्या आखडू नयेत म्हणून निमोडिपीन नावाचं औषध २१ दिवस देतात.

घरच्यांनी "लवकर नेलं असतं तर" म्हणून स्वतःला कोसू नये. पण फडावरच्या माणसांना एवढं जरूर सांगा: डोक्यात एका क्षणात, आयुष्यात कधी झालं नाही असं दुखलं, तर ती थंडी नाही, ऊन नाही. १०८ ला फोन करा.

वस्तराकात्री | १२ मे, रात्री ८:३०

माझं परभणीत सलून आहे, वडिलांपासून चालत आलेलं. दाढी-कटिंग झाली की मालिश, आणि मालिश झाली की मान मोडायची. गिऱ्हाईक मागूनच घेतं. कडकन आवाज आला नाही तर पैसे वसूल झाले असं वाटत नाही त्यांना. मीही वीस वर्षं मोडल्या.

हा धागा काल पोरानं वाचून दाखवला. रात्रभर झोप लागली नाही. आज सकाळी दुकान उघडलं तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, मालिश करतो, मान मोडत नाही. रुसलं. उद्या दुसऱ्याकडं जाईल. जाऊ द्या.

डॉक्टर, मालिश तरी चालते ना? आणि केस धुताना बेसिनवर मान मागं टाकतात, त्याचं काय?

न्यूरोवाला | १२ मे, रात्री १०:२०

तुम्ही मोठं काम केलंत. मालिश चालते, हलक्या हाताची, खांदे-मानेच्या स्नायूंची. नको आहे तो झटका.

कारण सांगतो. ही मागची धमनी, व्हर्टेब्रल, मानेच्या मणक्यांना बाजूला जी भोकं असतात त्यांतून ओवलेली असते, सहाव्या मणक्यापासून वर. सगळ्यात वरच्या मणक्याला वळसा घालून ती कवटीत शिरते. आपण मान वळवतो त्यातली जवळजवळ निम्मी हालचाल वरच्या दोन मणक्यांत होते. म्हणजे धमनी जिथं वळसा घेते तिथंच सगळ्यात जास्त ताण. सावकाश वळवली तर ती लवचिक असते, सरकते. अचानक पिळली तर अस्तराला ओढ बसते. बहुतेकांना काही होत नाही, म्हणूनच ही सवय समाजात टिकली. ज्याला होतं त्याचं आयुष्य मोडतं.

बेसिनचं विचारलंत ते योग्य. १९९३ साली अमेरिकेत वाइनट्रॉब या डॉक्टरनं पार्लरमध्ये केस धुताना मान मागं टाकल्यावर त्रास झालेल्या पाच बायकांची नोंद प्रसिद्ध केली होती. "ब्यूटी पार्लर स्ट्रोक" हे नाव तिथून आलं. मानेखाली जाड टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि फार वेळ तशी ठेवू नका.

एक गोष्ट तेरणाकाठ ताईंसाठी. चोळणाऱ्यावर सगळा दोष टाकू नका. भावाची मान त्याच्याकडं जायच्या पाच दिवस आधीपासून दुखत होती. धमनी बहुधा तेव्हाच उसवायला लागली असावी, आणि तेच दुखणं त्याला तिथं घेऊन गेलं. त्या झटक्यानं उसवण वाढली असेल, गुठळी पुढं सरकली असेल. हा गोंधळ अभ्यासातही होतो: मान मोडल्यामुळं धमनी उसवली, की उसवलेल्या धमनीच्या दुखण्यामुळं माणूस मान मोडून घ्यायला गेला.

पूर्णाकाठचे_गुरुजी | १३ मे, सकाळी ९:१०

सर्वांच्या दुःखाचा आदर ठेवून लिहितो. मी हिंगोलीकडचा निवृत्त शिक्षक. आमच्याकडं घरटी एकाची मान दुखते. सगळ्यांनी एमआरआय करायला धाव घेतली तर परवडणार कुणाला? धागा वाचून माझ्या सूनबाईंनी कालपासून धसका घेतलाय. भीती पसरवण्यापेक्षा नेमकं कधी घाबरायचं ते सांगा.

न्यूरोवाला | १३ मे, दुपारी १:४५

गुरुजी, प्रश्न अगदी रास्त आहे. हा आजार दुर्मीळ आहे. मानेतल्या धमन्या उसवण्याचं प्रमाण वर्षाला लाखात साधारण ३ माणसं. मोबाइलवर वाकून, कापूस वेचून, रात्री वेडीवाकडी मान ठेवून झोपल्यानं दुखते ती मान वेगळी. ती दाबली की दुखते, हलवली की दुखते, दोन-चार दिवसांत उतरते.

मी कान टवकारतो ते असं ऐकलं की: "असं आधी कधी दुखलं नव्हतं." एकाच बाजूला, मानेच्या वर, डोक्याच्या मागं, अचानक सुरू झालेलं. तेवढंच असेल तर निदान चांगल्या डॉक्टरला दाखवा आणि मान कुणाच्या हातात देऊ नका. त्याच्या जोडीला पुढचं एक जरी आलं तर मग वेळ घालवायचा नाही: चक्कर आणि आधाराशिवाय बसता-उभं राहता न येणं, एकाचे दोन दिसणं, पापणी पडणं, आवाज बसणं, गिळताना ठसका, न थांबणारी उचकी, चेहरा किंवा अर्धं अंग बधिर होणं. कानाच्या चक्करेत माणूस आजारी असतो, पण धरून धरून का होईना चार पावलं टाकतो. जो बसूही शकत नाही, त्याचा मेंदू तपासा.

तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळणं या तीन खुणा आता गावोगावी माहीत झाल्यात. तोल आणि नजर या दोन त्यांना जोडा, कारण मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक बऱ्याचदा या दोन दारांनी येतो. आणि लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत पोचलात तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं का, हे डॉक्टर ठरवू शकतात. तीन दिवसांनी तो प्रश्नच उरत नाही.

फिल्मवाचक | १३ मे, सायंकाळी ७:००

मी नांदेडला रेडिओलॉजीत आहे. "सीटी नॉर्मल आला" या वाक्याबद्दल मला बोलायलाच हवं, कारण ते माझ्या टेबलावरून जातं.

साधा सीटी रक्तस्राव छान दाखवतो. बालाघाट भाऊंच्या दादाला दिसला तो त्यामुळंच. पण मेंदूच्या मागच्या खोलगट भागात, हाडांच्या गराड्यात, ताजा आणि छोटा स्ट्रोक साध्या सीटीत दिसत नाही. तिथं नॉर्मल रिपोर्टचा अर्थ "रक्तस्राव नाही" एवढाच असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत कधी कधी एमआरआयसुद्धा चकवतो, विशेषतः लंबमज्जेत. म्हणून लक्षणं बोलत असतील तर रिपोर्टवर झोपायचं नाही.

आणि धमनी पाहायची असेल तर धमनीचीच तपासणी लागते. मान आणि मेंदू दोन्हींची सीटी अँजिओ, किंवा एमआर अँजिओ. नुसत्या मेंदूची केली तर मानेतली उसवण सुटते. चरबी दाबून काढलेल्या एमआरआयच्या एका प्रकारात धमनीच्या भिंतीत साचलेलं रक्त पांढऱ्या चंद्रकोरीसारखं दिसतं. अगदी बीजेची कोर. पहिले काही दिवस ती उजळत नाही, नंतर उजळते. कवटीच्या आतल्या उसवणीत धमनी कुठं बारीक, कुठं फुगलेली दिसते, दोरीत एकच मोती ओवल्यासारखी. ते चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही.

चिठ्ठीवर "चक्कर" एवढंच लिहून येतं, तेव्हा आम्ही काय शोधायचं? "मान दुखल्यानंतर चक्कर, डावी पापणी पडली" असं लिहून आलं तर आमचे डोळे सरळ त्या धमनीवर जातात. नातेवाइकांनो, मानेचं दुखणं तुम्ही स्वतःहून सांगत जा. विचारलं नाही तरी सांगा.

बोलणं_गिळणं | १३ मे, रात्री ९:३५

मी संभाजीनगरला वाचा-उपचार करते. तेरणाकाठ ताई, नळी निघाली म्हणजे धोका संपला असं समजू नका. अशा रुग्णाला सगळ्यात अवघड जातं ते साधं पाणी. पातळ पदार्थ घशातून वेगानं उतरतो आणि झाकण मिटायच्या आत श्वासनळीत जातो. आपल्याकडं आजारी माणसाला पहिलं काय देतात? पाणी, चहा, पातळ ताक. नेमकं उलटं. घट्ट आंबील, हुलग्याचं घट्ट माडगं, मऊ वरणभात चमच्या-चमच्यानं. ताठ बसवून, हनुवटी थोडी छातीकडं झुकवून. एक घास पूर्ण गिळला, आवाज स्वच्छ आला, मगच दुसरा. खाल्ल्यावर आवाज ओला, गुळगुळीत येत असेल तर काही तरी आत अडकलंय. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. मानेचे व्यायाम मात्र तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, इथं धमनीचा प्रश्न आहे.

गोदाकाठ | १४ मे, सकाळी ११:००

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जी रुग्णालयं आहेत तिथं आरोग्यमित्र बसतो. दाखल होतानाच रेशनकार्ड-आधार घेऊन त्याला गाठा, बिल झाल्यावर नाही. कॉइल, जाळी, कुठलं काय बसतं ते त्याच्याकडूनच लिहून घ्या.

न्यूरोवाला | १४ मे, रात्री १०:५०

आता ताईंचा मूळ प्रश्न.

न फुटलेल्या, स्ट्रोक होऊन गेलेल्या उसवणीत सुरुवातीला बहुतेक वेळा गोळ्या आणि लक्ष ठेवणं हाच मार्ग असतो, कारण धमनी स्वतःला शिवते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पुष्कळ धमन्या बऱ्यापैकी सुधारतात. मानेतल्या उसवणीसाठी अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी बरी की रक्त पातळ करणारं वॉरफरिनसारखं औषध, यावर मोठा वाद होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅडिस चाचणीत २५० रुग्ण घेतले होते. तीन महिन्यांत त्यांतल्या फक्त ४ जणांना पुन्हा स्ट्रोक झाला आणि दोन्ही औषधांत ठोस फरक दिसला नाही. कवटीच्या आत फुगा असेल तर आम्ही रक्त जास्त पातळ करायला कचरतो, कारण फुटण्याची भीती असते. म्हणून भावाला अ‍ॅस्पिरिन दिली असणार.

जाळी म्हणजे फ्लो डायव्हर्टर. फार बारीक विणीची नळी धमनीत आतून बसवतात, रक्त सरळ वाहतं, फुग्यात जाणारा प्रवाह मंदावतो आणि काही महिन्यांत तो आतून मिटतो. चांगलं साधन आहे. पण ते बसवल्यावर रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या दोन गोळ्या काही महिने न चुकता घ्याव्या लागतात. एक दिवस चुकवून चालत नाही. आणि फुग्याजवळून निघणाऱ्या बारीक फांद्या बंद पडल्या तर नवा स्ट्रोक होऊ शकतो.

माझं मत विचाराल तर सगळा निर्णय एका गोष्टीवर ठरतो: फुगा वाढतोय की आटतोय? पहिल्या अँजिओची आणि आताच्या अँजिओची सीडी एकाच माणसाला शेजारी शेजारी लावून पाहायला सांगा. कागदावरच्या आकड्यांवर जाऊ नका. वाढत असेल, आकार वेडावाकडा होत असेल, पुन्हा डोकं दुखायला लागलं असेल, तर जाळीला उशीर नको. आटत असेल तर घाई नको. तोवर बीपी ताब्यात, जड वजन बंद, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, मान झटक्यानं फिरवायची नाही.

तेरणाकाठ | १४ मे, रात्री ११:३०

डॉक्टर साहेब, सीडी दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या ठिकाणी दाखवल्या. शेजारी लावून कुणी पाहिल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात हैदराबादला नंबर लावलाय. बालाघाट दादा, लेकरांसाठी माझ्याकडं थोडी पुस्तकं आहेत, पत्ता निरोपात कळवा.

वस्तराकात्री | २६ मे, रात्री ९:००

ताई, काय झालं? रोज बघतो धागा. ते रुसलेलं गिऱ्हाईक परत आलंय.

तेरणाकाठ | १८ जून, रात्री ८:१५

उशीर झाला, माफ करा. मृगाचा पाऊस पडला आणि घरात पेरणीची गडबड.

हैदराबादच्या डॉक्टरांनी दोन्ही सीडी एकाच पडद्यावर लावल्या. आम्हालाही जवळ बोलावून दाखवल्या. ऑक्टोबरातला फुगा तुरीच्या दाण्याएवढा, आताचा ज्वारीच्या. आटतोय. जाळी सध्या नको, अ‍ॅस्पिरिन चालू, सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओ. त्याचं बीपी १५० च्या वर निघालं, त्याचीही गोळी सुरू झाली. आधी कधी कुणी मोजलंच नव्हतं. त्याला दुसरा काही आजारच नाही असं मी वर लिहिल्यासारखं होतं, ते या अर्थानं चुकीचं होतं.

तो बांधावर खुर्ची टाकून बसतो आणि पेरणी कशी करायची ते गड्याला ओरडून सांगतो. आवाज अजून थोडा फाटका आहे, पण लांबवर जातो. कट्टा उचलायचा नाही म्हणून आईनं त्याच्याकडून देवासमोर वदवून घेतलंय. चहा बशीतून, एक-एक घोट, हनुवटी खाली करून पितो. मागच्या आठवड्यात चोळणारे काका स्वतःहून घरी आले होते. ओट्यावर बराच वेळ बसले, काही बोलले नाहीत. भावानंच त्यांना चहा विचारला. जाताना म्हणाले, मानेला आता हात लावत नाही कुणाच्या.

उजव्या अंगाला गरम-गार अजून कळत नाही. एकदा तव्याचा चटका बसून हाताला फोड आला, तो त्याला दिसला तेव्हाच कळला. आता अंघोळीला बसला की आधी डावा हात बादलीत घालून पाहतो, मग भावजयीला म्हणतो, घाल.